दोन मिनिटांची अनुक्रमणिका

नाही, मला एक सांगा, दोन मिनिटं म्हणजे नक्की किती? घड्याळातली म्हणत नाही मी. ती मला कळतात. सत्तावन्न वर्षांचा आहे मी, चष्म्याचं दुकान आहे माझं, लोकांना खुर्चीत बसवून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावण्यात उभी हयात गेली. मी म्हणतोय ती दुसरी दोन मिनिटं. 'अरे, दोन मिनिटांचं काम आहे!' यातली. ती कुठल्या घड्याळात मोजतात? कारण तुम्हाला सांगतो, माझ्या त्या दोन मिनिटांना परवा चार महिने पूर्ण झाले!

झालं काय, की आमची एक आत्या आहे. सख्खी. वडिलांची धाकटी बहीण. वय एक्याऐंशी. अडतीस वर्षं सूतिकागृहात नर्स होती, त्यामुळे सगळं जग तिला सिस्टर म्हणतं, शेजारी सिस्टर म्हणतात, दूधवाला सिस्टर म्हणतो, तिचा स्वतःचा मुलगासुद्धा घाईत असला की तिला सिस्टर म्हणतो. रिटायर झाली, नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी लांब गेला, त्याने जाताना हिच्या हातात टॅब दिला... आणि आत्या लिहायला बसली. एका बोटाने! उजव्या हाताचं पहिलं बोट. त्या एका बोटाने सात वर्षांत तिने आठशे बारा पानं लिहिली. जन्मापासून परवापर्यंत सगळं. कुठलं बाळ पायाकडून आलं, कुठल्या बाळाला आल्या-आल्या शिंक आली, कुठल्या डॉक्टरला रक्त बघून घेरी आली, सगळं! आणि हे सगळं एका फाइलमध्ये. सलग. प्रकरण नाही, शीर्षक नाही, परिच्छेद नाही. वाचायला घेतलं की माणूस विहिरीत पडल्यासारखा पडतो, आणि पायऱ्या बांधायला ती विसरलेली!

घरात प्रत्येकाला तिने ती फाइल पाठवली होती. प्रत्येकाने 'वा, वा' म्हणून कळवलं होतं. वाचली कुणी? कुणीही नाही. मीही नाही. खोटं कशाला बोलू?

तर चार महिन्यांपूर्वी आत्या दुकानात आली. म्हणाली, "माझा नंबर तपास." मी तपासला. भिंगं बदलून पाहिली, ही लावली, ती लावली... आणि मला कळलं. इतकी वर्षं हाच धंदा केला की कळतं हो. कडेचं दिसत होतं, मधलं दिसत नव्हतं. तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो, त्यांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. चालता-फिरता येईल, माणसं अंदाजाने ओळखू येतील, पण वाचन... वर्षभर चालेल, फार तर दीड. नव्या चष्म्याने ते भरून येणार नाही. आता हे माझ्यासारख्या चष्मेवाल्याने आपल्याच आत्याला कसं सांगायचं? मी आपला रिक्षात शब्द जुळवतोय, तर तीच म्हणाली, "कळलंय मला. अडतीस वर्षं डॉक्टरांचे चेहरे वाचलेत मी. तू एक काम कर. मला त्या लिखाणाला अनुक्रमणिका करून दे. साधी नको. बोट लावलं की ते पान उघडलं पाहिजे, अशी."

म्हटलं, "आत्या, कशाला?"

"एक पान शोधायचंय. त्यात खाडाखोड करायचीय. डोळे आहेत तोवर."

"कुठलं पान? सांग, मी शोधतो."

"ते तुला सांगायचं असतं तर अनुक्रमणिका कशाला मागितली असती?"

बरं, तिचं तिने शोधायचं म्हटलं तर आठशे बारा पानं बोटाने वर सरकवायची! तिचं बोट आता थरथरतं. ती सतराव्या पानावर थांबायला जाते आणि तीनशे चाळिसाव्यावर जाऊन पडते. मग परत वर. मग खाली. टॅब नव्हे, रहाटगाडगंच ते! आणि शब्द टाकून शोधावं, तर तिने एकच शब्द चार तऱ्हेने लिहिलेला. 'वॉर्ड', 'वार्ड', 'वाॅड' आणि घाई असेल तेव्हा नुसता 'व'.

मी आतेभावाला, म्हणजे तिच्या मुलाला, फोन केला. तो कंप्यूटरमध्येच आहे. मोठ्या हुद्द्यावर. म्हणाला, "अरे, हात्तिच्या! दोन मिनिटांचं काम आहे. मीच करून दिलं असतं, पण आत्ता मीटिंग आहे." तुम्हाला सांगतो, मी ज्या-ज्या वेळी फोन केलाय त्या-त्या वेळी तो मीटिंगमध्ये होता. झोपतो कधी, जेवतो कधी, कुणाला ठाऊक!

पण मला वाटलं, दोन मिनिटांचं तर काम, आपण का करू नये? फाइल दुकानातल्या कंप्यूटरवर घेतली. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. मी वाचायला बसलो, विषय बदलला की पान नंबर लिहायचा, पुढे टिंबं द्यायची. टिंबं हो! 'माझं शिक्षण', टिंब टिंब टिंब टिंब, 'पान ४१'. एकेक टिंब हाताने. अकरा दुपारी लागल्या. दोनशे चौदा नोंदी झाल्या, सुरेख दिसत होतं. आणि मी आत्याकडे गेलो, तिला म्हटलं, बघ! ती डोळे बारीक करून बघायला लागली, तर माझ्यातला चष्मेवाला जागा झाला. म्हटलं, "आत्या, डोळ्यांना ताण देऊ नकोस, अक्षरं मोठी कर की!" आणि मीच, माझ्या हाताने, या बोटाने, अक्षरं मोठी केली.

आठशे बारा पानांची तेराशे सेहेचाळीस झाली!

माझा एकही नंबर जाग्यावर नाही! 'माझं शिक्षण' म्हणून एक्केचाळीस काढावं, तर तिथे आत्याचे आजोबा अजून घोड्यावरून पडताहेत! आत्या शांतपणे म्हणाली, "म्हणून तर म्हटलं, बोट लावलं की उघडणारी पाहिजे."

शेजारी छपाईवाला आहे माझ्या. पाट्या, कार्डं, वह्या, सगळं छापतो. त्याच्याकडे गेलो. तो कात्रीने कान खाजवत म्हणाला, "अहो चष्मेवाले, हे नंबर हाताने घालतं का कुणी? प्रत्येक प्रकरणाच्या नावाला 'हेडिंग' म्हणून खूण करायची, मग एक बटण दाबायचं, अनुक्रमणिका आपोआप तयार होते. बोट लावलं की उडी! दोन मिनिटांचं काम आहे." आला बिचारा दुकानात. सगळं सिलेक्ट केलं, हेडिंगची खूण केली, बटण दाबलं, "घ्या!" म्हणाला आणि गेला, कारण त्याच्या मशीनमध्ये कागद अडकला होता.

मी बघतो तर अनुक्रमणिका तयार! किती पानांची? तेराशे सेहेचाळीस! त्याने सगळ्यालाच खूण केली होती ना! प्रत्येक ओळ म्हणजे प्रकरण! म्हणजे आत्याचं संपूर्ण आयुष्य आधी अनुक्रमणिकेत, आणि ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून पुस्तकात! एका आयुष्याची दोन आयुष्यं करून गेला माणूस, आणि तीही खरंच दोन मिनिटांत!

बरं, ते पुसलं. आता हेडिंगला खूण करायची म्हणजे आधी हेडिंग पाहिजे की नको? आत्याला विचारलं, "तुझी प्रकरणं कुठे सुरू होतात?" म्हणाली, "कळतं की. एक विषय संपला की मी 'असो' लिहिते." मी म्हटलं, वा, सापडली किल्ली! कंप्यूटरला सांगितलं, बाबा रे, जिथे-जिथे 'असो' आहे ते दाखव. दाखवलं त्याने. दोन हजार तीनशे सहा! एवढी प्रकरणं? नाही हो! 'मुलगा असो, मुलगी असो', 'डॉक्टर असो की झाडूवाला असो', 'कसंही असो', 'देव त्यांना सुखी ठेवो, जिथे असोत तिथे असोत'! आमची आत्या बोलतेच तशी!

शेवटी काय? शेवटी वाचण्याला पर्याय नव्हता. पहिल्या पानापासून. दुसऱ्यांदा! पण पहिल्यांदा मी नुसता विषय बदलायची वाट बघत डोळे फिरवले होते. आता प्रत्येक प्रकरणाला नाव द्यायचं, म्हणजे नीट वाचायला हवं. आणि तुम्हाला खरं सांगतो... वाचता-वाचता माझी दुपार कुठे जायची, कळायचं नाही. चारनंतरचं गिऱ्हाईक खुर्चीत बसून ओरडायचं, "अहो, तिसरी ओळ दिसत नाहीये!" आणि मी आतून म्हणायचो, "थांबा जरा, इथे जुळं आहे आणि दुसरं अडकलंय!" बायको जेवायला फोन करायची. "अहो, येताय ना? दोन मिनिटांचं काम म्हणाला होतात!" म्हणायचो, "हो, हो, दोनच मिनिटं." पण खूण करायची, नाव द्यायचं, पुढचं वाचायचं, हे माझं संपेना.

तर त्या वाचनात मला ते पान सापडलं. आत्याने सांगितलं नव्हतं, पण वाचताक्षणी कळलं, हेच.

आता हे समजायला तुम्हाला माझी आई माहीत पाहिजे. आई त्र्याऐंशीची आहे, आमच्याकडेच असते. म्हणजे या दोघी नणंद-भावजया. आणि या दोघी एकमेकींशी सत्तावन्न वर्षं सरळ बोललेल्या नाहीत! भांडण नाही हं. येणं-जाणं आहे, अडीअडचणीला धावणं आहे. वडिलांच्या आजारपणात आत्या महिनाभर आमच्याकडे राहून त्यांचं सगळं करत होती. पण बोलणं? माझ्यामार्फत! एका खोलीत समोरासमोर बसलेल्या, मध्ये दोन हातांचं अंतर, आणि आई मला म्हणणार, "तुझ्या आत्याला विचार, चहात साखर किती?" आत्या म्हणणार, "वहिनींना सांग, अर्धा चमचा." आणि मी मध्ये उभा! टेलिफोनच्या खांबासारखा! लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

कारण काय? तर माझा जन्म. त्या दिवशी वॉर्डात आत्याची ड्यूटी होती. आई कळा देत होती आणि आत्या तिला म्हणाली, "वहिनी, ओरडू नका, बाकीच्या बायका घाबरतात." झालं! आईने ते वाक्य धरून ठेवलंय. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला, माझं औक्षण राहिलं बाजूला, आई सुरू, "सोळा तास! सोळा तास कळा सोसल्या आणि मला म्हणते, ओरडू नका! मला!"

तर त्या पानावर आत्याने लिहिलं होतं, 'त्या दिवशी वहिनींना मुलगा झाला. वहिनींनी वॉर्ड डोक्यावर घेतला. मी त्यांना समज दिली. कर्तव्य म्हणजे कर्तव्य, तिथे नातं आणू नये. असो.' बस. चार ओळी. पुढे लगेच वॉर्डातल्या नव्या पंख्याचं वर्णन, ते मात्र दीड पान!

मी त्याला खूण केली आणि नाव दिलं, 'वहिनींचं बाळंतपण'. माझं म्हणून नाव द्यायला जीव धजेना.

अनुक्रमणिका झाली. या खेपेला खरंच झाली. दोनशे चौदा निळ्या ओळी, एकेका ओळीवर बोट लावलं की टुणकन त्या पानावर. आत्याला नेऊन दाखवली. तिने 'माझं शिक्षण'वर बोट लावलं, आली शिक्षणावर. खूश! मग म्हणाली, "आता परत कसं यायचं?"

"म्हणजे?"

"जायला रस्ता केलास, यायला नको? माणूस पुढे गेला की तिथेच राहायचा का?"

बरोबर आहे हो तिचं! पुन्हा दुपारी दोन ते चार. दोनशे चौदा प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी एक 'परत' लिहायचं आणि ते अनुक्रमणिकेला जोडायचं. आतेभावाला विचारलं, हे एकदम नाही का करता येत? म्हणाला, "येतं की! दोन मिनिटांचं..." मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याआधी मी ठेवला!

मग एक दिवस आत्या म्हणाली, "तू जरा बाहेर बस." मी तिच्या व्हरांड्यात बसलो. दार उघडंच होतं, तिची पाठ दिसत होती. नाकाला टॅब लावलेला, मान वाकडी, कडेच्या नजरेने बघत एका बोटाने टक... टक... टक... सव्वा तास! मी वर्तमानपत्र वाचलं, त्यातलं कोडं सोडवलं, कुंड्यांना पाणी घातलं. मग तिने हाक मारली. "झालं. आता पाठव सगळ्यांना."

घरी येऊन मी ते पान उघडलं. चार ओळी गेल्या होत्या. तिथे लिहिलं होतं, 'वहिनी ओरडल्या, पण बाकीच्या बायकांइतक्याच. त्या बायका घाबरल्या नव्हत्या. मी घाबरले होते. मी चोवीस वर्षांची होते आणि आमच्या घरातलं पहिलं मूल माझ्या हातात यायचं होतं. माझे हात थरथरत होते. ते वहिनींना दिसू नयेत म्हणून मी आवाज चढवला. हे त्यांना दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. राहून गेलं.' आणि शेवटी 'असो' नव्हतं.

मी चष्मा पुसला. माझाच.

मग पाठवली सगळ्यांना. आणि तिथून जी सुरुवात झाली! अहो, अनुक्रमणिका नव्हती तोवर या घरात काय शांतता होती! कुणाला काही सापडतच नव्हतं ना! आता जो-तो उघडतो, बोटाने खाली सरकतो, स्वतःचं नाव बघतो आणि मला फोन! आतेभाऊ, जो चार महिने मीटिंगमध्ये होता, तो मीटिंग सोडून ओरडतोय, "'माझा मुलगा: बोलायला उशिरा शिकला' हे शीर्षक कुणी दिलं?" म्हटलं, मी दिलं, मजकूर तुझ्या आईचा. माझी बायको 'भाच्याचं लग्न' उघडून बसली. दीड पान. त्यात सव्वा पान त्या दिवशी आत्याचा पाय कसा सुजला होता त्याचं, आणि हिच्याबद्दल एक ओळ. 'मुलगी बरी वाटते.'

"बरी? आणि वाटते? अठ्ठावीस वर्षं झाली, अजून वाटतेच? नक्की कधी होणार?"

म्हटलं, पुस्तक माझं नाही, मी नुसता रस्ते बांधणारा!

आणि आई. तीन दिवस हे सगळं ऐकत होती, मोजे विणत होती. चौथ्या दिवशी सकाळी, मी दुकानात निघालेलो, पायात एक बूट, तर म्हणाली, "त्यात माझं आहे का काही?"

"आहे."

"वाईटच असेल."

"बघतेस?"

"मी कशाला बघू? तेराशे पानं कोण वाचणार?"

"वाचायची नाहीत. इथे बोट लाव." मी बायकोचा टॅब तिच्यापुढे धरला.

तिने विणकाम बाजूला ठेवलं, बोट पदराला पुसलं, आणि लावलं. उघडलं पान. मी एका बुटावर उभा. दहा ओळींचं पान, आई वीस मिनिटं वाचत होती. एकदा वाचलं, पुन्हा वर गेली, पुन्हा वाचलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी. मग आईने टॅब पालथा ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या आत्याला फोन लाव."

मी लावला. सवयीने आपल्याच कानाला लावला आणि म्हटलं, "हं, काय सांगू तिला?"

"तू काही सांगू नकोस," आई म्हणाली. "दे इकडे. मी बोलते."

मी फोन दिला. आईने धरला. मला आत्याचं "हॅलो, हॅलो, कोण आहे?" ऐकू येत होतं. आणि मग आई म्हणाली, "वन्सं... मी बोलतेय. आधी का नाही सांगितलंत हो? मी धरला असता ना तुमचा हात."

तुम्हाला सांगतो, मी दुसरा बूट न घालताच बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

आता तुम्ही म्हणाल, गोड झालं सगळं. झालं हो! गोड झालं, पण त्याचं पुढे काय झालं ते ऐका. सत्तावन्न वर्षांचं तुंबलेलं बोलणं! रोज सकाळी दहाला आत्या आमच्याकडे येते ती संध्याकाळी जाते. गेली की फोन. आई तिला ते पुस्तक मोठ्याने वाचून दाखवते, आत्याचे डोळे आता थकतात ना, आणि आई वाचता-वाचता मध्येच थांबते. "वन्सं, हे असं नव्हतं झालं." "वहिनी, असंच झालं होतं." मग तो ऐंशी-ऐंशी वर्षांच्या दोघींचा वाद माझ्यापर्यंत येतो, आणि मी नवी दुरुस्ती घालतो, नवी ओळ जोडतो. दोनशे चौदाच्या दोनशे एकावन्न झाल्यात!

परवा मी दुकानातून आलो तर दोघी त्याच पानावर. आई म्हणत होती, "नाही वन्सं, माझंच चुकलं, मी फार आरडाओरडा केला." आत्या म्हणत होती, "नाही वहिनी, माझंच चुकलं, मी नको तेव्हा आवाज चढवला." मला भरून आलं. वाटलं, बघा, आपल्या हातून आयुष्यात एक तरी बरं काम झालं. मी आत गेलो, दोघींच्या पाया पडावं म्हणून खाली वाकलो, तर आत्याने माझ्याकडे त्या कडेच्या नजरेने पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आई मान हलवून म्हणाली, "खरंय तुमचं." आत्या म्हणाली, "लिही रे त्या पानाच्या खाली, आमचं दोघींचं एकमत झालंय."

म्हटलं, "काय लिहू?"

"चूक कुणाचीच नव्हती. मूलच आडवं होतं!"